काचेवरची काजळी : अडगावच्या रणांगणापासून शाळेच्या दुर्बिणीपर्यंत

काही वर्षांपूर्वी तेल्हारा तालुक्यातल्या एका शाळेची सहल नरनाळा किल्ल्यावर गेली होती. आमच्यापैकी दोघे त्या सहलीत होते. मुलांनी महाकाली दरवाजा पाहिला, नऊगजी तोफेच्या तोंडात हात घालून पाहिला आणि शाळेच्या एकुलत्या एका द्विनेत्री दुर्बिणीतून मेळघाटचे डोंगर आळीपाळीने न्याहाळले. तोफेपाशी सातवीतल्या एका मुलीने विचारले, "सर, एवढी मोठी तोफ उडाल्यावर धूर किती होत असेल? मग सेनापतीला पुढचं दिसत कसं असेल?" उत्तर द्यायचे राहून गेले, कारण खाली शहानूरला जेवण तयार होते.

स्वयंपाक चालू असताना कुणीतरी ती दुर्बीण चुलीजवळच्या झाडाला अडकवून ठेवली होती. लाकडे ओली होती, वारा त्याच बाजूला वाहत होता. संध्याकाळी पाहिले तर पुढच्या दोन्ही भिंगांवर काळपट, किंचित तेलकट थर बसला होता. दुसऱ्या दिवशी शाळेतल्या शिपाईमामांनी दुर्बीण आणून टेबलावर ठेवली. "गुरुजी, राखीनं घासली ना म्या. पाहा, कशी चकचक करून रायली!"

काच खरोखरच चकचकीत झाली होती. पण दुर्बीण डोळ्याला लावली, तर समोरचे झाड धुक्यात उभे असल्यासारखे दिसू लागले. रात्री दिव्याकडे पाहिले तर दिव्याभोवती खळे. ती दुर्बीण पुन्हा पहिल्यासारखी झाली नाही.

मामांनी निष्काळजीपणा केला होता का? मुळीच नाही. वीज नव्हती त्या दिवसांपासून ते कंदिलाच्या काचा राखेने लख्ख करत आले होते. त्यांनी पूर्ण काळजीने, मायेने आणि अनुभवाने काम केले, आणि त्यामुळेच भिंग गेले. हे कोडे आम्हाला बरेच दिवस छळत होते. त्याचे उत्तर शोधताना लक्षात आले, की तोफेपाशी मुलीने विचारलेला प्रश्न आणि मामांची राख यांचा इतिहास एकच आहे. त्या इतिहासातली एक महत्त्वाची जागा तर तेल्हारा तालुक्यातच आहे.

अडगावची संध्याकाळ

तेल्हारा तालुक्यातल्या अडगावजवळ २९ नोव्हेंबर १८०३ रोजी मोठी लढाई झाली. इंग्रजी कागदपत्रांत तिचे नाव 'अरगाम' किंवा 'अरगाव' असे येते. दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धातली ही लढाई. सप्टेंबरमध्ये असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजांशी लढलेला आर्थर वेलस्ली त्यांचा माग काढत वऱ्हाडात आला होता. समोर रघूजी भोसले दुसरे यांचे बंधू व्यंकोजी ऊर्फ मन्याबापू यांची फौज होती आणि सोबत शिंद्यांचे घोडदळ.

त्या दिवशी वेलस्लीचे सैन्य मोठी मजल मारून थकले होते. वाटेवरच्या एका गावातल्या बुरुजावरून त्याने पाहिले, तेव्हा सिरसोलीच्या पलीकडे दूरवर माणसांची दाटी दिसली. लढाईला तोंड फुटले तेव्हा दिवस कलला होता. मराठ्यांच्या तोफांचा मारा सुरू होताच इंग्रजांच्या तीन पलटणी गोंधळून मागे फिरल्या. वेलस्लीने त्यांना स्वतः पुन्हा रांगेत आणले. अंधार पडेपर्यंत निकाल लागला. पराभूत फौजेचा पाठलाग चांदण्यात झाला आणि मराठ्यांच्या ३८ तोफा इंग्रजांच्या हाती गेल्या. पुढे १५ डिसेंबरला गाविलगड पडला. १७ डिसेंबरला भोसल्यांशी देवगावचा आणि ३० डिसेंबरला शिंद्यांशी सुर्जी-अंजनगावचा तह झाला. अवघ्या एका महिन्यात वऱ्हाडाचे राजकारण बदलले.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे वळू. त्या काळचा सेनापती लढाई सुरू होण्यापूर्वी जितके पाहून घेई, तितकेच त्याच्या कामी येई. पितळी नळीची हातदुर्बीण तेव्हा अधिकाऱ्यांजवळ असे. लाल-निळ्या कडांचा दोष काढून टाकलेली जोडभिंगे डॉलंडने १७५८ पासून विकायला आणली होती, म्हणजे दुर्बीण बऱ्यापैकी सुधारलेली होती. पण तोफा आणि बंदुकांच्या पहिल्या काही फैरी झाल्या, की मैदानावर पांढरा-करडा पडदा पसरे. वारा नसेल तर तो हलतही नसे. उत्तम दुर्बिणीलाही धुरापलीकडचे दिसत नाही. म्हणून त्या काळी निशाणे, नगारे, तुताऱ्या आणि भडक रंगांचे गणवेश यांना इतके महत्त्व होते. दिसणार नाही हे गृहीत धरूनच सैन्याची रचना होत असे.

धुरात होते काय?

बंदुकीची जुनी दारू म्हणजे सोरा, लोणारी कोळसा आणि गंधक यांचे मिश्रण. यांत सुमारे तीन चतुर्थांश सोराच, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. कोळसा आणि गंधक हे जळणारे पदार्थ, तर सोरा त्यांना ऑक्सिजन पुरवणारा. शालेय पुस्तकांत या क्रियेचे सोपे समीकरण असे मांडतात : पोटॅशियम नायट्रेटचे दोन रेणू, गंधकाचा एक अणू आणि कार्बनचे तीन अणू यांपासून पोटॅशियम सल्फाइडचा एक रेणू, नायट्रोजनचा एक रेणू आणि कार्बन डायऑक्साइडचे तीन रेणू तयार होतात.

हे गणित नववी-दहावीच्या मुलांकडून जरूर करून घ्यावे. डाव्या बाजूची वस्तुमाने २०२, ३२ आणि ३६, म्हणजे एकूण २७०. उजवीकडे पोटॅशियम सल्फाइड ११०. म्हणजे जळलेल्या दारूचा सुमारे ४१ टक्के भाग घनरूपच राहतो! प्रत्यक्षात क्रिया इतकी सरळ नसते. पोटॅशियम कार्बोनेट आणि पोटॅशियम सल्फेट हेही भरपूर तयार होतात. एकोणिसाव्या शतकात नोबल आणि एबल या दोघा इंग्रज संशोधकांनी बंद पात्रात दारू जाळून मोजमाप केले, तेव्हा निम्म्याहून अधिक वस्तुमान घनरूपात उरते असे आढळले. अडगावच्या मैदानावरचा पांढरा पडदा म्हणजे प्रामुख्याने हे पोटॅशियमचे क्षार, अतिसूक्ष्म कणांच्या रूपात हवेत तरंगणारे. उरलेला भाग बंदुकीच्या नळीत चिकटून बसे. काही फैरींनंतर नळी इतकी अरुंद होई, की गोळी ठासणे कठीण जाई.

मग शिपाई नळी कशाने साफ करत? गरम पाण्याने. तेलाने नव्हे, घासूनही नव्हे. यामागे रसायनशास्त्र आहे. पोटॅशियमचे हे क्षार पाण्यात सहज विरघळतात. शिवाय ते हवेतली ओल ओढून घेतात आणि ओल आली की लोखंड गंजते. म्हणून आधी गरम पाणी, मग कोरडे पुसणे आणि शेवटी तेलाचा हात, असा क्रम ठरून गेला. त्या शिपायांना पोटॅशियम कार्बोनेटचे नावही ठाऊक नव्हते. पण मळ कसला आहे हे त्यांना हाताने कळले होते.

गंमत अशी की हेच पोटॅशियम कार्बोनेट आपल्या चुलीच्या राखेतही असते. राख पाण्यात कालवून ठेवली की वर येणारे निवळ पाणी बोटांना बुळबुळीत लागते, ते त्यामुळेच. हा अल्कली तेलकट मळ सोडवतो आणि राखेतले बारीक कण तो घासून काढतात. कंदिलाची काच राखेने स्वच्छ होते, त्यामागे अशी दुहेरी क्रिया आहे. मामांची पद्धत शास्त्राला धरून होती, फक्त ती कंदिलाच्या काचेसाठी होती.

कापसाने धूर घालवला

अडगावनंतर पन्नास वर्षांनी, १८५३ मध्ये, वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आले. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. खामगाव, अकोला, अमरावतीच्या बाजारपेठा फुलल्या आणि त्याच दशकात रेल्वेही इकडे पोचली. कापूस म्हणजे सूत आणि कापड एवढेच आपल्या डोक्यात असते. पण युद्धभूमीवरचा धूर घालवण्याचे श्रेयही कापसालाच जाते, हे फार थोड्यांना माहीत असते.

१८४६ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझल इथे ख्रिस्तिआन शोनबाइन या रसायनशास्त्रज्ञाने कापसावर तीव्र आम्लांची क्रिया करून एक नवा पदार्थ जाहीर केला. दिसायला तो कापसासारखाच, पण ठिणगी लागताच क्षणात नाहीसा होणारा. मागे ना राख, ना धूर. कापूस म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. त्याच्या लांब साखळीला नायट्रेटचे गट जोडले गेले, की जळणारा कार्बन आणि जाळणारा ऑक्सिजन एकाच रेणूत शेजारी-शेजारी येतात. शिवाय यात पोटॅशियम नाही, त्यामुळे क्षार उरायचे कारणच नाही. जे तयार होते ते जवळजवळ सगळे वायुरूप : कार्बन डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, नायट्रोजन, पाण्याची वाफ, थोडा हायड्रोजन.

हा कापूस सुरुवातीला अतिशय घातक ठरला. इंग्लंडमधल्या फॅव्हरशॅम इथला त्याचा कारखाना १८४७ मध्ये स्फोटाने उद्ध्वस्त झाला आणि अनेक कामगार मृत्युमुखी पडले. कापसाच्या तंतूंच्या पोकळीत अडकून राहिलेले आम्ल हे त्याच्या अस्थिरतेचे मोठे कारण होते. १८६५ च्या सुमारास फ्रेडरिक एबल यांनी त्या कापसाचा लगदा करून तो पुन्हा पुन्हा धुण्याची पद्धत रूढ केली. म्हणजे इथेही गाठ धुण्यापाशीच सुटली! पुढे १८८४ मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिएय यांनी त्याला जिलेटिनसारखे रूप देऊन तो सावकाश, नियंत्रितपणे जळेल असे केले. १८८९ मध्ये इंग्लंडमध्ये एबल आणि ड्यूअर यांनी 'कॉर्डाइट' बनवले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात भारतातही नीलगिरीतल्या अरुवनकाडू इथे कॉर्डाइटचा कारखाना सुरू झाला. आज आपल्या विदर्भातही, भंडाऱ्याजवळच्या जवाहरनगरमध्ये, अशा प्रकारच्या दारूचे उत्पादन होते. सरकीला चिकटून राहणारी आखूड लव ही या सेल्युलोजसाठी नेहमीची कच्ची सामग्री आहे.

इथे एक सूचना आवर्जून द्यावीशी वाटते. या पदार्थांचे, किंवा बंदुकीच्या दारूचे, कोणतेही प्रात्यक्षिक शाळेत करू नये. त्यांचा इतिहास शिकवायला कागद आणि खडू पुरेसे आहेत.

बंदुकीवर दुर्बीण चढली

बंदुकीच्या नळीवरच दुर्बीण बसवण्याचे प्रयत्न १८३० नंतर अमेरिकेत होऊ लागले. ज्या यादवी युद्धाने वऱ्हाडच्या कापसाला भाव आणला, त्याच युद्धात काही निवडक नेमबाजांच्या बंदुकांवर लांबलचक नळीच्या दुर्बिणी होत्या. पण दारू जुनीच. एक गोळी सुटली की नेमबाजापुढे धुराचा ढग आणि त्या ढगामुळे त्याची जागाही शत्रूला कळे. बिनधुराची दारू आल्यावर मात्र दुर्बिणीला खरा अर्थ आला. १९१४-१८ च्या महायुद्धात दोन्ही बाजूंनी दुर्बिणी लावलेल्या रायफली वापरल्या.

या युद्धाने आणखी एक गोष्ट उघडी पाडली. भिंगांसाठी लागणारी निर्दोष काच बनवण्यात जर्मनीतले येना हे गाव सर्वांच्या पुढे होते आणि ब्रिटन आपली बरीचशी काच तिथूनच आणत असे. युद्ध सुरू होताच ही वाट बंद झाली आणि काच बनवण्याचे तंत्र ही देशाच्या संरक्षणाची बाब आहे हे सगळ्यांना कळले. स्वतंत्र भारतात कोलकात्याच्या केंद्रीय काच व मृत्तिका संशोधन संस्थेत आत्माराम यांच्या नेतृत्वाखाली १९६० च्या सुमारास भिंगांची काच तयार करण्यात यश आले, त्याचे मोल या पार्श्वभूमीवर लक्षात येते.

डाग की मुलामा?

आता काचेचाच एक विलक्षण किस्सा. १८९० च्या दशकात इंग्लंडमध्ये हॅरल्ड डेनिस टेलर हे भिंगांचे काम करत असत. त्यांच्या ध्यानात आले, की हवेने डागाळलेली, निळसर झाक आलेली काही जुनी भिंगे नव्या लखलखीत भिंगांपेक्षा जास्त प्रकाश आत सोडतात. डाग पडलेली काच स्वच्छ काचेपेक्षा सरस कशी?

काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. एखाद्या दुर्बिणीत असे दहा पृष्ठभाग असतील, तर शेवटी ०.९६ चा दहावा घात, म्हणजे सुमारे ६६ टक्के प्रकाश डोळ्यापर्यंत पोचतो. उरलेला नळीत इकडेतिकडे आपटून चित्र फिके करतो. टेलर यांच्या भिंगांवरचा डाग हा खरे तर एक अतिशय पातळ थर होता. थराच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागावरून परतणाऱ्या प्रकाशलहरी एकमेकींना मारक ठरत होत्या. परतणारा प्रकाश कमी झाला की आत जाणारा वाढतो. १९३५ मध्ये जर्मनीतल्या त्साइस कंपनीत अलेक्झांडर स्माकुला यांनी असा थर निर्वात पात्रात मुद्दाम चढवण्याची रीत शोधली. मॅग्नेशियम फ्लोराइडचा एक थर दिला तर परतणारा प्रकाश ४ वरून १.३ टक्क्यांच्या आसपास येतो. आधीचेच गणित पुन्हा केले, तर दहा पृष्ठभागांनंतर ८८ टक्के प्रकाश पोचतो.

हा थर जाड किती? हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी ५५० नॅनोमीटर. तिला ४ ने आणि थराच्या अपवर्तनांकाने, म्हणजे १.३८ ने भागले, की उत्तर १०० नॅनोमीटर येते. मिलिमीटरचा दहा हजारावा भाग! दुर्बिणीच्या भिंगावर तिरके पाहिल्यावर जांभळी किंवा हिरवट झाक दिसते ती याची. मामांनी राखेबरोबर जे घासून काढले, ते हेच. कंदिलाच्या काचेला ओरखडे पडले तरी काही बिघडत नाही. तिचे काम वारा अडवायचे आणि प्रकाश बाहेर सोडायचे. ओगलेवाडीच्या प्रभाकर कंदिलाची काच वर्षानुवर्षे राखेने घासली तरी घरात उजेड पडतच असे. भिंगाला मात्र प्रकाशाची प्रत्येक शलाका ठरलेल्या जागी नेऊन सोडायची असते. प्रत्येक ओरखडा तिला भलतीकडे वळवतो आणि चित्रावर धुके पसरते.

चांदमारीनंतरची काच

आमच्या ओळखीचे एक निवृत्त सुभेदार तालुक्यातच शेती करतात. त्यांना ही हकीकत सांगितली तेव्हा ते हसले. म्हणाले, "चांदमारी झाली की आमच्या दुर्बिणीच्या पुढच्या काचेवरही करडा थर बसायचा. पहिल्या दिवशीच उस्तादांनी सांगितलं होतं, काचेला कपडा लावाल तर खबरदार!"

बिनधुराची दारू असूनही थर बसतो, याची कारणे अनेक आहेत. गोळी नळीतून सुटते तेव्हा दाब एकदम उतरतो, तापमान घसरते आणि कार्बनचा काही भाग पुरता न जळता काजळी होतो. न जळलेल्या दारूचे कण असतात. नळीला लावलेले तेल करपते. गोळीच्या तांब्याच्या आवरणाचे आणि शिशाचे सूक्ष्म कण उडतात. काडतुसाच्या बुडाशी जी छोटी टोपी असते, तिच्या मसाल्यात बहुधा शिसे, बेरियम आणि अँटिमनी यांची संयुगे असतात, त्यांचाही अवशेष राहतो. नळीच्या तोंडातून किंवा काडतूस बाहेर पडायच्या खाचेतून येणारा वायू हे सगळे घेऊन भिंगावर आदळतो.

म्हणजे ज्याला सैनिक सरसकट 'कार्बन' म्हणतात, तो मळ एकजिनसी नाही. त्यात मऊ काजळी आहे, चिकट तेल आहे आणि काचेला ओरखडणारे कणही आहेत. टोपीच्या मसाल्याचा इतिहासही हेच शिकवतो. जुन्या मसाल्यात पोटॅशियम क्लोरेट असे आणि त्यापासून पोटॅशियम क्लोराइड तयार होई. हा मिठाचा सख्खा भाऊ. त्यामुळे बिनधुराची दारू आल्यावरही कित्येक वर्षे सैनिकांना नळी गरम पाण्याने धुवावीच लागे. नुसते तेल लावून भागत नसे, कारण मीठ तेलात विरघळत नाही. १९२०-३० च्या दशकापासून नवे मसाले रूढ होत गेले आणि ही कटकट हळूहळू संपली.

काजळीचे वागणे मात्र मिठाच्या अगदी उलट. तिचे मूळ कण २० ते ५० नॅनोमीटरचे, म्हणजे मिलिमीटरच्या पन्नास हजाराव्या ते वीस हजाराव्या भागाएवढे. ती पाण्यात विरघळत नाही, अल्कोहोलातही विरघळत नाही. इतके बारीक कण काचेला नुसत्या आंतररेण्वीय आकर्षणाने घट्ट चिकटतात. त्यांना धरून ठेवणारे तेल अल्कोहोलाने किंवा साबणाने सुटते, आणि सुटलेली काजळी कागदाने अलगद उचलून घ्यावी लागते. काजळी विरघळवायची नसते, सोडवायची असते. हा एक शब्दाचा फरक ध्यानात आला, की साफ करण्याची सारी रीत आपोआप सुचते.

सुभेदारांनी सांगितलेला क्रम असा. आधी रबरी फुग्याने हवा मारून सुटे कण उडवायचे. मग मऊ केसांच्या कोरड्या कुंचल्याने न दाबता झटकायचे. ओरखडे पाडणारे कण गेले, की मगच ओलावा. भिंग पुसायच्या खास कागदावर द्रावणाचे एक-दोन थेंब घ्यायचे. द्रावण थेट काचेवर कधीच ओतायचे नाही, कारण कडेच्या फटीतून ते आत उतरते. मध्यापासून कडेकडे गोल फिरवत न्यायचे आणि प्रत्येक वेळी कागदाची नवी बाजू घ्यायची, नाहीतर काढलेला मळ पुन्हा काचेवर फिरतो. नळी साफ करायचे औषध भिंगाच्या जवळही आणायचे नाही. त्यात पुष्कळदा अमोनिया असतो आणि तो मुलाम्याला घातक ठरू शकतो. शेवटी हात साबणाने धुवायचे, कारण मळात शिसे असते.

"आणि सुभेदारसाहेब, घाई असली तर?" आम्ही विचारले.

"घाई असली तर तसंच राहू द्यायचं," ते म्हणाले. "थोडी काजळी असली तरी दिसतं. ओरखडा पडला की संपलं."

शाळेच्या दुर्बिणीचे काय?

शाळेत काजळी येते ती चुलीची, स्टोव्हची, दिवाळीच्या धुराची. रीत मात्र तीच. रबरी फुगा औषधाच्या दुकानात मिळतो. चित्रकलेचा मऊ, कोरा कुंचला फक्त भिंगासाठी राखून ठेवावा. खडूची धूळ असलेल्या हाताने, सदऱ्याच्या टोकाने किंवा फळा पुसायच्या कपड्याने भिंग पुसू नये. खडू स्वतः मऊ असतो, पण त्या कपड्यात जमिनीची वाळूही असते आणि वाळूतले क्वार्ट्झ काचेपेक्षा कठीण.

आपल्या भागासाठी एक खास सूचना. तेल्हारा-अकोट पट्ट्यात अनेक गावे खारपाणपट्ट्यात येतात. विहिरीच्या पाण्याचा थेंब काचेवर वाळला, की मागे पांढरा डाग राहतो. तो क्षारांचा असतो आणि कोरडा घासला तर ओरखडे पाडतो. म्हणून भिंगासाठी प्रयोगशाळेतले ऊर्ध्वपातित पाणीच वापरावे. गाडीच्या बॅटरीत घालायचे पाणीही चालेल, मात्र ते नुसते पाणी आहे, आम्ल नाही, याची खात्री करून घ्यावी.

वर्गात करून पाहण्यासारखे

एक साधे बहिर्गोल भिंग घ्या. समोरच्या खिडकीची प्रतिमा कागदावर पाडा. आता भिंगाचा अर्धा भाग पुठ्ठ्याने झाका आणि त्याआधी मुलांना विचारा, काय दिसेल? बहुतेकजण 'अर्धी खिडकी' म्हणतील. प्रत्यक्षात खिडकी पूर्ण दिसते, फक्त अंधूक होते. भिंगाचा प्रत्येक भाग संपूर्ण चित्र बनवत असतो. सुभेदार म्हणाले त्याचे कारण इथे दिसते. काजळीचा ठिपका चित्रात ठिपका म्हणून उमटत नाही, तो थोडा प्रकाश गिळतो, इतकेच.

आता काचेच्या दोन पट्ट्या घ्या. एका पट्टीला मेणबत्तीच्या ज्योतीवर हलकी काजळी धरा. दुसरी बारीक वाळूने थोडी घासा. एकेक पट्टी भिंगापुढे धरून प्रतिमा पाहा. काजळीने प्रतिमा मंद होते, पण कडा बऱ्यापैकी टिकतात. ओरखड्यांनी सगळ्या प्रतिमेवर पांढुरके धुके पसरते. एक प्रकाश शोषते, दुसरा विखुरतो. पहिली पट्टी साबणाच्या पाण्याने पुन्हा स्वच्छ होते, दुसरी कशानेही होत नाही. मात्र काजळी धरलेल्या काचेतून सूर्याकडे कोणीही पाहू नये, हे प्रयोगाआधीच बजावून ठेवावे.

हा प्रयोग त्या शाळेत केला तेव्हा शिपाईमामाही दाराशी उभे राहून पाहत होते. दोन्ही पट्ट्या त्यांनी हातात घेऊन उजेडात धरल्या, फिरवून पाहिल्या. पुढच्या सहलीला नवी दुर्बीण निघाली, तेव्हा तिची पेटी मामांच्याच खांद्यावर होती. चुलीपाशी तिला त्यांनी कुणाला फिरकूसुद्धा दिले नाही.